गाठीचे नाव

आपल्या घरांतून काही शब्द सहसा उच्चारले जात नाहीत. कर्करोगाला आमच्या आईच्या पिढीतील स्त्रिया ‘तो आजार’ म्हणत, आणि तेवढे म्हणतानाही त्यांचा आवाज खाली येई. आज शब्द उच्चारला जातो; पण सून, जावई, व्याही यांपैकी कोणासमोर तो उच्चारावा याचा हिशेब मनात चालूच असतो. ज्या कागदावर हा शब्द प्रथम उमटतो, त्या कागदाविषयी मात्र आपणांस फार थोडे ठाऊक असते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव आपण नातेवाइकांना अभिमानाने सांगतो. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचे नाव ठरविणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे विकृतिशास्त्रज्ञाला, आपण बहुधा पाहिलेलेही नसते. पुढील उपचाराची सारी दिशा मात्र त्याने लिहिलेल्या दोन-चार ओळींवर ठरते.

त्या ओळी कशा लिहिल्या जातात, त्या पुन्हा तपासता येतात काय, आणि अलीकडच्या काळात या शास्त्राने एका गाठीचे नाव कसे बदलले, याविषयी लिहावयाचे आहे. मी वैद्यक शिकलेलो नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतील बराच काळ कर्जविभागात. परंतु तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या निमित्ताने हा विषय घरात आला आणि जितका समजून घेता येईल तितका समजून घेणे भाग पडले. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

भाचीचे वय तेव्हा चोवीस. तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मेहुण्यांची, लातूरला भुसार मालाची आडत आहे. ती पुण्यास आमच्याकडे राहून सी.ए.च्या अंतिम परीक्षेची तयारी करीत होती. मानेत डाव्या बाजूस एक गाठ हाताला लागली, दुखत नव्हती. सोनोग्राफी झाली, सुई घालून नमुना घेतला गेला. थायरॉइडच्या या तपासणीचे निष्कर्ष ‘बेथेस्डा’ नावाच्या पद्धतीनुसार सहा वर्गांत मांडतात. पहिला वर्ग म्हणजे नमुना अपुरा, दुसरा निरुपद्रवी, सहावा कर्करोग. हिचा अहवाल चौथ्या वर्गाचा आला. याचा साधा अर्थ असा, की गाठ काढून पाहिल्यावाचून काही सांगता येणार नाही.

मेहुणे चिडले. “सुई घातली, पैसे घेतले, आणि वर सांगता येत नाही म्हणतात!” डॉक्टरांनी कारण सांगितले ते मी नंतर मेहुण्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगून पाहिले. आडतीवर माल आला की पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात. आत सोयाबीन कसे आहे, ओल किती, काडीकचरा किती, हे त्या मुठीवरून कळते. पण पोते मागच्या बाजूने फाटले आहे काय आणि दाणा बाहेर सांडतो आहे काय, हे नळीला कसे कळावे? थायरॉइडच्या या जातीच्या गाठींभोवती एक पातळ आवरण असते. गाठीतील पेशींनी ते आवरण भेदले आहे काय, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर सुईने मिळत नाही. मेहुण्यांना हे तत्काळ पटले. व्यापाऱ्याला उदाहरण द्यावे तर मालाचेच द्यावे.

थायरॉइडचा डावा अर्धा भाग काढण्यात आला. नऊ दिवसांनी अहवाल हाती पडला. त्यात ठळक अक्षरांत होते: पॅपिलरी कार्सिनोमा, फॉलिक्युलर व्हेरियंट, एन्कॅप्स्युलेटेड. म्हणजे आवरण असलेला, परंतु कर्करोगच. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. पाहिलेल्या छेदांत आवरणाचा भेद आढळला नाही, असा तिचा आशय. ती ओळ त्या दिवशी घरात कोणी वाचली नाही.

डॉक्टरांनी सुचविले, की उरलेली अर्धी ग्रंथीही काढावी आणि नंतर किरणोत्सारी आयोडीन द्यावयाचे काय ते ठरवावे. संपूर्ण ग्रंथी गेली की रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, आयुष्यभर. किरणोत्सारी आयोडीन द्यावयाचे झाले, तर आधी काही दिवस आयोडीनयुक्त मीठ आणि दूधदुभते बंद, नंतर काही दिवस घरच्यांपासून वेगळे राहणे, आणि पुढे निदान सहा महिने गर्भधारणा टाळणे. माझी बहीण हे सारे शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला: “सकाळची गोळी नवकारशीच्या आधी घ्यावी लागेल का?” डॉक्टर जैन नव्हते. तिने त्यांना समजावून सांगितले, की सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे तोंडात पाणीही घालावयाचे नाही असा तिच्या मुलीचा लहानपणापासूनचा नेम आहे. त्यांनी विचार करून सांगितले, की नवकारशी पारताना प्रथम गोळी घ्यावी आणि नंतर अर्धा-पाऊण तास थांबून नाश्ता करावा, औषधाला चालेल. बहिणीच्या चेहऱ्यावर थोडा दिलासा दिसला. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. माझ्या मते मुलीचे आयुष्य पूर्वीसारखे राहील की नाही, हेच ती त्या प्रश्नातून विचारीत होती.

दुसरी चिंता सांगितल्यावाचून समजेल. नगरच्या एका घराशी तिच्या विवाहाचे बोलणे चालू होते. परिचय संमेलनात ओळख झालेली, पत्रिका पाहून झालेल्या. मेहुण्यांचे मत पडले, की अहवाल कपाटात ठेवावा, गळ्यावरचा व्रण साध्या गाठीचा म्हणून सांगावा. आरोग्य विम्याच्या अर्जातही तेच करावे. भाची म्हणाली, “मामा, दुसऱ्याने ताळेबंदात दडवलेले शोधून काढायला मी चार वर्षे शिकते आहे.” पुढे ती काही बोलली नाही, आणि मेहुणेही गप्प बसले.

माझ्या एका जुन्या खातेदारांची कन्या पॅथॉलॉजिस्ट आहे. अहवाल घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिने ठळक ओळीवरून नजर फिरविली आणि बारीक ओळीवर बोट ठेवले. “काका, आवरणाचा भेद आढळला नाही असे म्हटले आहे, पण आवरण किती पाहिले ते म्हटलेले नाही. पाच ठोकळे केले आहेत. गाठ साडेतीन सेंटिमीटरची. एवढ्या गाठीचे सगळे आवरण पाच ठोकळ्यांत बसणार नाही. सगळे पाहिले आणि सगळे शाबूत निघाले, तर या गाठीला आता कर्करोग म्हणत नाहीत.”

मी तिला शेवटचे वाक्य पुन्हा म्हणावयास लावले.

ठोकळा म्हणजे काय, हे येथे सांगावयास हवे. काढलेला अवयव प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही आणि घट्ट होतो. पॅथॉलॉजिस्ट तो कापून डोळ्यांनी पाहतो आणि निवडक भागांतून बोटाच्या पेराएवढे तुकडे घेतो. हे तुकडे अल्कोहोलमधून व झायलिनमधून नेऊन त्यांतील पाणी काढतात आणि त्याच्या जागी पॅराफिन मेण भरतात. तो हा ठोकळा, इंग्रजी शब्दाने ब्लॉक. मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. माणसाचा केस याच्या दहा-वीस पट जाड असतो. पापुद्रा काचेच्या पट्टीवर घेऊन दोन रंगांनी रंगवितात. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचे केंद्रक निळे-जांभळे होते, इओसिनने उरलेला भाग गुलाबी. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर हेच दोन रंग वापरले जात आहेत. जे तुकडे घेतले नाहीत, ते फॉर्मॅलिनच्या बरणीत तसेच राहतात. ज्या गाठीवरून माणसाचे भवितव्य ठरते, तिचा कितीतरी भाग अशा रीतीने कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलाच नसतो. यात हयगय नसते. प्रत्येक अवयव पूर्णपणे ठोकळ्यांत घालणे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारे नाही. बँकेतही आम्ही प्रत्येक व्हाउचर तपासत नसू.

आता नाव बदलण्याची हकिकत. थायरॉइडचा पॅपिलरी कर्करोग ओळखण्याची मुख्य खूण पेशींच्या केंद्रकांत असते. केंद्रके मोठी, एकमेकांवर चढलेली, घासलेल्या काचेसारखी फिकट दिसतात. काहींवर लांबट खाच असते, गव्हाच्या दाण्याच्या पोटावर असते तशी. १९७७ मध्ये चेन व रोसाई या दोघांनी सहा रुग्णांच्या अभ्यासावरून एक लेख लिहिला. रचना पॅपिलरीसारखी नसली, बारीक पुटकुळ्यांची असली, तरी केंद्रके तशी असतील तर तो पॅपिलरी कर्करोगाचाच प्रकार समजावा, असे त्यांनी मांडले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु पुढील तीस-चाळीस वर्षांत केंद्रकांकडे पाहूनच निकाल देण्याची पद्धत रूढ झाली. ज्या गाठी आवरणाच्या आत निमूटपणे बसलेल्या होत्या, त्यांनाही केवळ केंद्रकांमुळे कर्करोग हे नाव मिळू लागले.

आणि केंद्रके ‘तशी’ आहेत की नाहीत, यावर तरी एकमत होते काय? शस्त्रक्रियाधारित विकृतिशास्त्राला वाहिलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या विषयातील दहा जाणत्या पॅथॉलॉजिस्टना अशा ८७ गाठींच्या स्लाइड दाखविण्यात आल्या होत्या. दहाही जणांचे एकमत झाले ते केवळ ३९ टक्के गाठींबाबत. हा आकडा वाचून मी हादरलो. नंतर वाटले, की आपल्या धंद्यातील मतभेद मोजून तो जगापुढे ठेवण्याचे धैर्य किती व्यवसायांत आहे? एकाच कर्जप्रस्तावावर दहा व्यवस्थापकांची मते गुप्तपणे मागविली असती तर काय निघाले असते, याची मला चांगली कल्पना आहे.

२०१६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाचे युरी निकिफोरोव्ह यांच्या पुढाकाराने सात देशांतील २४ पॅथॉलॉजिस्ट एकत्र आले आणि त्यांचा अभ्यास ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात आला. या गटात एक मानसोपचारतज्ज्ञ आणि हा आजार झालेली एक व्यक्तीही होती, हे मला विशेष वाटले. त्यांनी जुन्या गाठी पुन्हा पाहिल्या आणि रुग्णांचे पुढे काय झाले ते तपासले. आवरण शाबूत असलेल्या गाठींचे १०९ रुग्ण होते. त्यांच्यावर १० ते २६ वर्षे लक्ष ठेवलेले होते. त्यांपैकी ६७ जणांची केवळ अर्धी ग्रंथी काढली होती आणि किरणोत्सारी आयोडीन कोणालाच दिलेले नव्हते. १०९ च्या १०९ जिवंत होते आणि कोणातही आजाराचा मागमूस नव्हता. याउलट आवरण भेदलेल्या १०१ रुग्णांपैकी १२ जणांना पुढे त्रास झाला, पाच जणांत आजार दूरच्या अवयवांत पोहोचला आणि त्यांतील दोघे दगावले.

केंद्रके दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो पोते शाबूत असण्याचा. म्हणून त्यांनी पहिल्या गटाच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्द काढून टाकला. नवे नाव भलतेच लांब आहे: नॉनइन्व्हेसिव्ह फॉलिक्युलर थायरॉइड निओप्लाझम विथ पॅपिलरी-लाइक न्यूक्लिअर फीचर्स. आद्याक्षरे एकत्र करून डॉक्टर त्याला ‘निफ्ट-पी’ म्हणतात. (मेहुण्यांनी दूरध्वनीवर ते ‘निफ्टी’ असे ऐकले आणि मी शेअर बाजाराविषयी का बोलतो आहे, असे विचारले.) जगात दरवर्षी ४५,००० हून अधिक रुग्णांचे निदान या बदलाने पालटेल, असा अंदाज लेखकांनी वर्तविला. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे नाव आले, आणि २०२२ च्या आवृत्तीत निरुपद्रवी व कर्करोग यांच्या मधल्या ‘कमी जोखमीच्या’ गाठींत त्याला स्थान मिळाले.

कर्जविभागात काम केलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटत नाही. खाते अनुत्पादक केव्हा समजावे, याची व्याख्या माझ्या नोकरीच्या काळातच चार वेळा बदलली. १९९३ च्या मार्चअखेर चार तिमाह्यांची थकबाकी लागे. मग तीन झाल्या, १९९५ ला दोन, आणि ३१ मार्च २००४ पासून ९० दिवस. कर्जदार तोच, दुकान तेच, माल तोच. पण एका ३१ मार्चला जे खाते चांगले होते, ते पुढच्या ३१ मार्चला एनपीए झाले. आणि ते तीन वर्ण एकदा खात्यावर चढले की काय होते, हे आपल्या वाचकांना मी सांगावे असे नाही. मर्यादा गोठते, माल देणारे पेढीवर येऊन उधारीची चौकशी करू लागतात, बाजारात कुजबुज होते. आमच्याकडे व्याख्या कडक होत गेली, विकृतिशास्त्राने या एका ठिकाणी ती सैल केली. पण दोन्हीकडे नाव माणसाने ठेवलेले असते, आणि त्याचे परिणाम ज्याला भोगावे लागतात, त्याला नाव ठेवताना कोणी विचारलेले नसते. पिट्सबर्गच्या गटाने एका रुग्णाला आपल्यात बसविले, याचे महत्त्व मला म्हणून वाटते.

नाव गेल्याने उपचार कसा बदलतो, याचा दुसरा पुरावा कोरियातून आला आहे. दक्षिण कोरियात आरोग्य तपासणीबरोबर थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाच्या नोंदी १९९३ च्या पंधरा पट झाल्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तितकेच राहिले. म्हणजे जे कधी डोके वर काढणार नव्हते असे पुष्कळ काही शोधून काढले गेले, आणि हजारो लोकांच्या ग्रंथी गेल्या. मूत्राशयाच्या काही सौम्य गाठींच्या नावातून कर्करोग हा शब्द १९९८ मध्येच वगळला गेला होता. प्रोस्टेटच्या सर्वांत सौम्य प्रकाराबाबत तसे करावे काय, यावर सध्या जोरात वाद चालू आहे. नाव काढले तर रुग्ण पुढील तपासण्यांना येणारच नाहीत, ही विरोधकांची भीती मला अगदी खोटी वाटत नाही.

आमच्या गोष्टीत आता घाई होती. ठोकळे प्रयोगशाळा अनेक वर्षे जपून ठेवतात, परंतु बरणीतील उरलेला भाग अहवालानंतर काही आठवड्यांतच टाकून देतात. मी भाचीचा अर्ज घेऊन प्रयोगशाळेत गेलो. बरणी होती. तेथील डॉक्टरांनी कसलाही राग मानला नाही. उलट पत्र, ठोकळे, स्लाइड आणि बरणी, सारे व्यवस्थित नोंदवून हाती दिले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ते फेरतपासणीसाठी गेले. तेथे उरलेल्या आवरणाचे आणखी नऊ ठोकळे करण्यात आले.

सोळा दिवस लागले. या दिवसांविषयी एवढेच लिहितो, की उत्तर कोणत्याही बाजूने येऊ शकत होते. न पाहिलेल्या भागात एका जागी जरी आवरण फुटलेले निघाले असते, तरी पहिल्या अहवालापेक्षा वाईट बातमी आली असती, आणि ती आम्ही स्वतः मागवून घेतलेली असती. बहिणीने तो सारा पंधरवडा एकासणे केली. भाची अभ्यास करीत होती, निदान पुस्तक उघडे असे.

आवरण सर्वत्र शाबूत निघाले. नवे नाव आले. डॉक्टरांनी दुसरी शस्त्रक्रिया रद्द केली. उरलेली अर्धी ग्रंथी आजवर तरी पुरेसे काम करीत आहे. रोजची गोळी लागलेली नाही, वर्षातून एकदा टीएसएच आणि सोनोग्राफी होते.

पॅथॉलॉजीच्या अहवालांची भाषा अनेकांना टोचते. ‘सुसंगत’, ‘अमुक वगळता येत नाही’, ‘पाहिलेल्या छेदांत’. एक सरळ उत्तर का देत नाहीत? जैन वाचकांनी तरी या भाषेचा राग मानू नये असे मला वाटते. ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ बाहेरचे लोक ‘कदाचित’ असा करतात आणि स्याद्वादाला संशयवाद ठरवितात. ‘स्यात्’ म्हणजे विशिष्ट अपेक्षेने. कोणतेही विधान द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या अपेक्षेने खरे असते, हे पाठशाळेत आपण पाठ केलेले आहे. ‘पाहिलेल्या छेदांत’ ही क्षेत्राची अपेक्षा झाली. अमुक सालच्या वर्गीकरणानुसार, ही कालाची. तेवढ्या मर्यादेत पहिला अहवालही खोटा नव्हता. ज्या प्रयोगशाळेने ती बारीक ओळ लिहिली, तिने आपल्या विधानाची सीमा प्रामाणिकपणे आखून दिली होती, आणि फेरतपासणीचा रस्ता त्या ओळीतूनच निघाला.

एक गोष्ट मात्र कळवळून सांगावीशी वाटते, कारण तसे प्रत्यक्ष घडता घडता राहिले. भाचीची बातमी लातूरच्या नात्यागोत्यांत पोहोचेपर्यंत ‘थायरॉइडचा कॅन्सर आता कॅन्सर राहिलेला नाही’ अशी झाली. मेहुण्यांच्या चुलत घरातील एका बाईंची शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्यांनी ती पुढे ढकलली. त्यांच्या मानेतील लसिकाग्रंथींत आजार पोहोचलेला होता. त्यांचा निफ्ट-पीशी काही संबंध नव्हता. मी त्याच दिवशी दूरध्वनी केला, भाचीही बोलली, आणि त्या वेळेवर दाखल झाल्या. निफ्ट-पी हे नाव गाठ संपूर्ण काढून, तिचे सगळे आवरण पाहिल्यानंतरच देता येते; सुईच्या तपासणीवरून ते देता येत नाही. म्हणजे शस्त्रक्रिया टळत नाही. टळते ती दुसरी. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आशियात या गाठींचे प्रमाणही कमी आढळले आहे, आणि २०१६ नंतर निकष आणखी काटेकोर करण्यात आले आहेत. बहुसंख्य अहवालांतील कर्करोग हा शब्द कर्करोग याच अर्थाने असतो.

तेव्हा अहवाल हाती आला, की मधली ओळ वाचून कागद दुमडू नये. किती ठोकळे केले, कोणत्या वर्गीकरणानुसार लिहिले, बारीक अक्षरांत काय आहे, हे पाहावे. समजले नाही तर विचारावे. मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार ठरत असेल आणि गाठ दुर्मीळ वा सीमेवरची असेल, तर ठोकळे दुसऱ्या जाणकाराला दाखवावेत. शस्त्रक्रियेच्या मानाने त्याचा खर्च नगण्य असतो, आणि पहिल्या डॉक्टरांचा त्यात अवमान नसतो. ते स्वतःही अवघड स्लाइड सहकाऱ्यांना दाखवीत असतात. ज्या घरात शंभर पोत्यांचा सौदा दोनदा नमुना पाहिल्याशिवाय होत नाही, त्या घराला हे जड जाऊ नये. आपल्याकडे सोन्याच्या पावत्या तीन पिढ्या सापडतात. आईच्या शस्त्रक्रियेचा अहवाल मागितला तर शोधाशोध सुरू होते.

नगरच्या घराला भाचीने स्वतः सारे सांगितले, नव्या अहवालासह. बोलणे पुढे सरकले नाही. कारण त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. विम्याच्या अर्जात कर्करोग व अर्बुद असे दोन वेगळे रकाने होते. तिने पहिल्यात नाही, दुसऱ्यात होय लिहिले आणि ते लांबलचक नाव पूर्ण लिहून अहवाल जोडला. थोड्या जादा हप्त्याने पॉलिसी मिळाली. ती सी.ए. झाली. गेल्या वैशाखात तिचा विवाह नाशिकच्या एका घरात झाला. मुलाला तिने पहिल्याच भेटीत गळ्यावरचा व्रण दाखविला होता. त्याने विचारले, नाव पुन्हा एकदा सांगशील का, मला लिहून घ्यायचे आहे.

ठोकळे फेरतपासणीनंतर आमच्याकडे परत आले होते. लातूरच्या उन्हाळ्यात मेण वितळेल या भीतीने बहिणीने ते आतल्या खोलीच्या कपाटात, जुन्या वह्यांच्या मागे, पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवले होते. मुलीच्या सामानाची यादी मेहुण्यांनी पेढीच्या रिवाजाप्रमाणे स्वतःच्या हाताने केली. भांडी, कपडे, पोथ्या, सामायिकाचे कटासणे, आणि अगदी खाली: थायरॉइडचे ठोकळे, नग १४.